दुकान आपलं, पाटी आपली, मग लिहिणारा परका का?

मनमाडकरांनो, आज थोडं लांब लिहितोय. गल्ल्यावर बसून वाचत असाल तर समोरचं गिऱ्हाईक आधी बघा, हे नंतर वाचा.

गेल्या आठवड्यात एकात्मता चौकात चहा घेताना आम्ही पाच-सहा दुकानदार चांगलेच भांडलो. निमित्त झालं नाशिकहून आलेल्या एका पोराचं. हातात टॅब, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. महिन्याला बारा रील, दर सणाला शुभेच्छांचं चित्र, वर दुकानदाराचा हात जोडलेला फोटो. सगळं मिळून महिन्याला आठ हजार. दोघांनी तर तिथेच फोनवरून आगाऊ पैसे टाकायची तयारी दाखवली.

मी त्याला एवढंच विचारलं, "सहा महिन्यांनी आम्ही पैसे देणं थांबवलं तर आमच्याकडे काय उरेल?"

त्याला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "त्यापेक्षा प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं एक साधं पान करून दे. त्यावर तो त्याच्या धंद्याचं चार ओळी मराठीत लिहील."

पोरगा हसला. "अंकल, आजकाल वाचतं कोण?"

आणि आमचे सगळे दोस्त त्याच्या बाजूने! "बरोबर आहे भाऊ, कोणाला वेळ आहे?" "लिहायचं काम पेपरवाल्यांचं." "आपण काय लेखक आहोत का?" मी एकटा पडलो. चहाचे पैसेही मलाच द्यावे लागले. म्हणून तिथे जे बोलायचं राहिलं ते इथे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. शिक्षण आयटीआय. शाळेत मराठीच्या पेपरात निबंधाला कधी पासापुरतेच्या वर मार्क पडले नाहीत. म्हणजे लिहायची हौस म्हणून हे बोलत नाहीये.

माझं म्हणणं सरळ आहे. छोट्या धंदेवाल्याने आपल्या धंद्याबद्दल, आपल्या भाषेत, आपल्या मालकीच्या पानावर लिहून ठेवलं पाहिजे. त्याला कोणी ब्लॉग म्हणा, कोणी वेबसाइट म्हणा. काय विकतो, कितीला विकतो, कधी उघडतो, आणि या धंद्यातलं गिऱ्हाईकाला माहीत नसलेलं काय मला माहीत आहे. आणि आपण हे लिहीत नाही याचं कारण वेळ नाही हे नव्हेच. खरं कारण वेगळं आहे, त्यावर शेवटी येतो.

आधी स्टेशनवरची गोष्ट ऐका.

माझा एक वर्गमित्र मनमाड स्टेशनवरून शिर्डीची गाडी चालवतो. तेलंगणातून येणारे साईभक्त आपल्याकडे उतरतात हे काही नवीन नाही. एका सकाळी अजिंठा एक्सप्रेसने एक कुटुंब उतरलं, सोबत आजी आणि दोन लहान पोरं. त्यांनी घरूनच गाडी ठरवली होती, कुठल्यातरी परगावच्या कंपनीच्या पानावर. पान इंग्रजीत, वर साईबाबांचा फोटो, खाली मनमाडची माहिती. त्या कंपनीचं मनमाडात ना ऑफिस, ना माणूस. पैसे आधीच घेतलेले. मग याला फोन, त्याला फोन करत शेवटी गाडी कोणाची लागली? माझ्याच मित्राची.

गाडीत बोलता बोलता कळलं, कुटुंबाने भरले अडीच हजार. मित्राच्या हातात पडणार होते सोळाशे.

मधले नऊशे कशाचे? गाडी याची, डिझेल याचं, बँकेचा हप्ता याचा, पहाटेची झोपमोड याची. कंपनीने काय केलं? चार परिच्छेद लिहिले. नऊशे रुपये लिहिण्याचे आहेत!

आणि त्या चार परिच्छेदांत होतं काय? कुठूनही उचललेली माहिती. माझ्या मित्राला जे माहीत आहे त्यातलं काहीच नाही. येवला, कोपरगाव करत साठेक किलोमीटर, पण कोणत्या वेळी कुठे अडकायला होतं. गुरुवारी शिर्डीत गर्दी किती वाढते आणि मग मनमाडहून किती वाजता निघालेलं बरं. वाटेत बायामाणसांना उतरता येईल असं स्वच्छ संडास कुठे आहे. आजीबाई सोबत असतील तर स्टेशनच्या कोणत्या बाजूने बाहेर पडावं म्हणजे जिने कमी लागतील. हे सगळं त्याच्या डोक्यात आहे. वीस वर्षांची कमाई आहे ती. पण डोक्यातलं गुगलला सापडत नाही. लिहिलेलं सापडतं.

मित्राला म्हटलं, हे एका पानावर लिही, भाव लिही, तुझा नंबर टाक. तो म्हणाला, "मी आहे ना व्हॉट्सॲपवर." अरे बाबा, व्हॉट्सॲपवर तू तुझ्या ओळखीच्यांसाठी आहेस. काचीगुड्याच्या आजीकडे तुझा नंबर कुठून असणार?

ही फक्त शिर्डीच्या गाड्यांची गोष्ट नाही. आपण जिथे जिथे गप्प बसलो तिथे तिथे कोणीतरी परका येऊन आपल्या वतीने बोलतो आणि बोलण्याचं कमिशन घेतो. हॉटेलवाल्यांना विचारा, घरपोच जेवणातून किती कापले जातात. मंगल कार्यालयवाल्यांना विचारा, त्यांच्याच हॉलची चौकशी त्यांनाच विकत कशी घ्यावी लागते.

आता कोणी म्हणेल, फेसबुक आहे, इन्स्टाग्राम आहे, फुकट आहे, वेगळं पान कशाला? तर ऐका. ती जागा भाड्याचीही नाही. भाडेकरूला निदान नोटीस मिळते.

ऑर्कुट आठवतंय? ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. टिकटॉकवर आपल्या भागातल्या किती पोरांनी लाखांत माणसं जमवली होती! २९ जून २०२० ला सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली आणि एका रात्रीत सगळं गेलं. बंदी योग्य की अयोग्य हा मुद्दा वेगळा. गेलं ते त्या पोरांचं गेलं. ४ ऑक्टोबर २०२१, सोमवार, रात्री नऊच्या पुढे फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम तिन्ही एकदम बंद पडले, पहाटेपर्यंत. त्या रात्री ज्यांची ऑर्डर फक्त व्हॉट्सॲपवर यायची त्यांनी काय केलं? हात बांधून बसले. आणि सगळ्यात लागणारं उदाहरण म्हणजे गुगलचं. दुकानाची नोंद केली की गुगल एक छोटं पान मोफत बनवून द्यायचं. मार्च २०२४ मध्ये ती सगळी पानं बंद केली. काही महिने तो पत्ता दुकानाच्या नोंदीकडे वळवला, जूनमध्ये तेही थांबवलं. ज्यांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापला होता, त्यांचं कार्ड रद्दी.

माझंही एका मोठ्या माध्यमावर दुकानाचं पान होतं. सहा वर्षांचे फोटो, लोकांचे प्रश्न, माझी उत्तरं. एका सकाळी उघडलं तर बंद. कारण दिलं, "नियमांचा भंग". कोणता नियम? सांगत नाहीत. विचारायचं कोणाला? सरकारी कचेरीत माणूस जागेवर नसला तरी खिडकी तरी असते. इथे खिडकीच नाही. सहा वर्षं लोकांना दिलेली उत्तरं गेली, त्यातलं एक अक्षर परत मिळालं नाही. चूक त्यांची तर होतीच, पण माझीही होती. दुसऱ्याच्या ओट्यावर मी माझी चोपडी ठेवली होती.

आपल्या आजोबा-पणजोबांनी दिवाळीला लक्ष्मीपूजन केलं ते चोपडीचं. चोपडी कधी शेजाऱ्याच्या घरी ठेवली का? उधारीची वही कोणाच्या ताब्यात दिली का? मग धंद्याचं नाव, इतकी वर्षांची ओळख, गिऱ्हाईकाशी झालेलं बोलणं, हे सगळं दुसऱ्याच्या खात्यात कसं ठेवतो आपण?

लगेच कोणीतरी विचारणार, "मग हे तू इथे फेसबुकवर का लिहितोयस?" कारण गर्दी इथे आहे. हाळी चौकात द्यायची, माल दुकानात ठेवायचा. हेच सगळं माझ्या पानावरही आहे. इथलं उद्या उडालं तरी तिथलं राहील.

आता "हे नवीन फॅड आहे" म्हणणाऱ्यांसाठी जुनी गोष्ट.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. म्हणजे सुरुवात तुमच्या-माझ्यासारखीच. पुढे लोखंडी नांगर बनवले, तर शेतकरी घेईनात. लोखंडाने जमिनीत विष भिनतं असा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली असं सांगतात. माल चांगला होता, अडचण होती ती समजूत घालण्याची. १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि १९२० मध्ये या कारखान्याने स्वतःचं पत्र काढलं, 'किर्लोस्कर खबर'. संपादक त्यांचे पुतणे शंकरराव. कारखान्यात काय बनतं, कसं वापरायचं, हे गिऱ्हाईकाला आपल्या तोंडाने सांगायचं म्हणून. त्याच 'खबर'चं पुढे १९२९ मध्ये 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि महाराष्ट्राच्या घराघरात गेलं. नांगर विकणाऱ्याला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं की माल बनवून भागत नाही, मालाबद्दल स्वतः लिहावं लागतं. आपल्याला हातात फोन असून कळत नाही.

आणि त्याच १९२० सालची दुसरी गोष्ट, जी मनमाडकराने तरी विसरू नये. ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. दुकानाच्या पानाची 'मूकनायक'शी तुलना करण्याइतका मी उद्धट नाही. पण धडा तर घेता येतो. दुसऱ्याच्या पानावर तुमचं काय छापायचं हे दुसराच ठरवणार. १९३८ च्या फेब्रुवारीत ज्या मनमाडात बाबासाहेब रेल्वेच्या कामगारांपुढे बोलून गेले, त्या गावाला हे समजावून सांगावं लागू नये.

आता माझ्या पानाचं सांगतो. फार फुगवून सांगणार नाही.

दीड वर्षापूर्वी पहिला मजकूर लिहिला, "मोटार जळाली असं ठरवण्याआधी". आपल्या गावात पाण्याची काय कथा आहे ते तुम्हाला सांगायला नको. पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळ येण्याचे दिवस आपण काढलेत. नळ आला की अख्खी गल्ली एकाच वेळी मोटार लावते. व्होल्टेज पडतं. मोटार नुसती हूं हूं करते, फिरत नाही. माणूस घाबरतो, पाणी जाईल म्हणून बटण दाबून धरतो, आणि मग खरंच जळते. पण पुष्कळ वेळा मोटार चांगली असते. कपॅसिटर गेलेला असतो, दोनशे रुपयांच्या आतलं काम. नाहीतर फुटव्हॉल्व्ह गळून पाइप रिकामा झालेला असतो आणि मोटार कोरडी फिरत असते. हे लिहिलं. फोटो टाकले. कपॅसिटर बदलण्याआधी लाइन बंद करा आणि त्याचा चार्ज उतरवून घ्या, हे ठळक लिहिलं.

दुसरा मजकूर वाइंडिंगच्या तारेचा. कॉपर भरलं की अल्युमिनियम, हे बिलावर लिहून घ्या. जळालेली जुनी तार परत मागा, ती तुमची आहे. मोटार घेताना कोणते प्रश्न विचारायचे ते लिहिले.

यावर धंद्यातले दोघे दुकानात आले. आवाज चढलेला. "गुपितं कशाला फोडतो? आमच्या पोटावर पाय कशाला देतो?" मी विचारलं, "तुम्ही अल्युमिनियम भरून कॉपरचे पैसे घेता का?" "नाही." "मग तुमचं काय गेलं?" उत्तर नाही. चहा न घेता निघून गेले. एक जण अजून बोलत नाही माझ्याशी.

फायदा काय झाला विचाराल, तर सांगतो. दिवसाला पाच-सात माणसं पान वाचतात. लाख नाहीत, हजारही नाहीत. त्या रीलवाल्या पोराला सांगितलं तर तो पुन्हा हसेल. पण रीलला हजार जण बघतात, त्यातले नऊशे नव्व्याण्णव अंगठा सरकवतात. माझ्या पानावर येतो त्याची मोटार बंद पडलेली असते! तो करमणुकीला आलेला नसतो. नांदगावच्या बाजूच्या एका शेतकऱ्याचा रात्री साडेनऊला फोन आला, "तुमचं वाचलं, आमच्या मोटारीचं असं असं होतंय." चांदवड तालुक्यातून मोटार घेऊन माणूस आला, जो याआधी कधी मनमाडच्या दुकानात आला नव्हता. काही जण वाचतात, कपॅसिटर स्वतः बदलतात आणि माझ्याकडे येतच नाहीत. चालायचंच. डॉक्टरने पथ्य सांगितलं म्हणून दवाखाना बंद पडत नाही.

गावाच्या दृष्टीनेही बघा. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस पुणे-इंदूर महामार्गावरच्या आपल्या रेल्वे पुलाचा एक भाग ढासळला. वाहतूक बंद, वळवलेली. आपलं गाव तसंही रुळांनी दोन भागांत कापलेलं, त्यात हे. त्या दिवसांत खेड्यावरच्या माणसाला साधी माहिती हवी होती. कोणतं दुकान पुलाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या वाटेने यायचं, माल मिळेल का. व्हॉट्सॲपवर काय फिरत होतं? जुने फोटो, कोणाच्या तरी मावसभावाने सांगितलेलं. लगेच १ जानेवारी २०२४ ला टँकरचालकांचा संप, पानेवाडीहून टँकर निघेनात, पंपांवर रांगा. पुन्हा तीच अफवांची जत्रा. गावात दोनशे दुकानदारांची दोनशे पानं असती, प्रत्येकाने आपल्यापुरतं खरं दोन ओळींत लिहिलं असतं, तर लोकांचे हेलपाटे वाचले असते. गाव म्हणजे काय शेवटी? एकमेकांना खरी खबर देणारी माणसं.

त्याच नोव्हेंबरात दुकानांच्या मराठी पाट्यांची मुदत संपत होती. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबरमध्ये दोन महिने दिले होते. आपण पाट्या रंगवल्या, चांगलं झालं. पण पाटी मराठी आणि पाटीमागे मराठी अक्षर नाही, ही कसली मराठी? आता तर लोक फोनलाच विचारतात आणि यंत्र कुठे कुठे वाचून उत्तर देतं. "पाण्याची मोटार हूं हूं करते, काय करू?" असं कोणी मराठीत विचारलं आणि मराठीत लिहिलेलंच नसेल, तर उत्तर कुठून येणार? भलत्याच मुलखातल्या, भलत्याच व्होल्टेजच्या मोटारीचं उत्तर मराठीत उलटं करून मिळणार. इथल्या कारागिराने लिहिलं नाही तर त्याची विद्या त्याच्याबरोबर जाणार.

आता चौकातल्या हरकती एकेक करून.

"वेळ नाही." दुपारी दोन ते चार गल्ल्यावर बसून आपण काय करतो ते मला माहीत आहे, कारण मीही तेच करतो. महिन्याला एक मजकूर. त्यापेक्षा जास्त कोणी मागत नाही.

"लिहिता येत नाही." गिऱ्हाईकाला जे तोंडाने सांगता तेच लिहा. फोनला बोलून दाखवा, तो टाइप करतो. शुद्धलेखन चुकलं तर चुकू दे. फक्त यंत्राकडून "आम्ही ग्राहकांच्या समाधानासाठी कटिबद्ध आहोत" असलं काही लिहून घेऊ नका. ते कोणाच्याही दुकानाला लागू पडतं, म्हणजे कोणाच्याच नाही.

"खर्च." पहिलं म्हणजे स्वतःचं नाव विकत घ्या. वर्षाला साधारण हजाराच्या आत-बाहेर. रीलवाल्याचे चार दिवसांचे पैसे. बाकी पान फुकट जागेवर ठेवलं तरी चालेल, पण नाव तुमचं हवं. मोबाइल कंपनी बदलली तरी नंबर तोच राहतो ना, तसं. उद्या जागा बंद झाली तर सामान उचलून दुसरीकडे न्यायचं, पत्ता बदलत नाही. आणि लिहिलेल्याची एक प्रत स्वतःकडे ठेवायची. मी सहा वर्षांची फी भरून हे शिकलोय, तुम्ही फुकट शिका.

"सगळ्यांनाच लागतं का?" नाही. स्टेशनबाहेरच्या वडापावला पानाची गरज नाही, त्याचा वासच जाहिरात आहे. आणि एकदा लिहून तीन वर्षं सोडून द्यायचं असेल तर लिहूच नका. जुना भाव आणि बंद पडलेला नंबर असलेलं पान हे शटर पडलेल्या दुकानावरच्या "उघडे आहे" पाटीसारखं. रील करूच नका असंही मी म्हणत नाही. करा. पण रील बघून माणूस जिथे येईल ती जागा तुमची असू द्या.

आता खरं कारण, जे चौकात कोणी बोललं नाही.

आपण लिहीत नाही कारण लिहिलं की बांधले जातो. तोंडी भाव बदलता येतो. ओळखीच्याला एक, परक्याला दुसरा, घाईत असलेल्याला तिसरा. लेखी भाव तिघांनाही तोच. तोंडी "गॅरंटी आहे ना भाऊ" म्हणता येतं आणि सहा महिन्यांनी "असं कधी म्हटलं?" म्हणता येतं. म्हणून आपल्याला कच्चं बिल आवडतं, म्हणून कोरं पान आवडतं. रीलमध्ये गाणं असतं, नाच असतो, भाव नसतो. "भावासाठी मेसेज करा." का बुवा? भाव काय नवस आहे, कानात सांगायला?

मी कोणाकडे बोट दाखवत नाही, आधी स्वतःकडे दाखवतो. माझ्याकडेही वर्षानुवर्षं दोन भाव होते. मग पानावर वाइंडिंगचा भाव लिहिला. गेल्या उन्हाळ्यात एक म्हातारे आबा आले, मोटार पिशवीत, हातात घडी घातलेला कागद. नातवाने माझं पान छापून दिलं होतं. मधल्या काळात कॉपर महागलं होतं आणि मी पान बदललं नव्हतं. कारागिराने वाढीव भाव सांगितला. आबांनी न बोलता कागद उलगडून काउंटरवर ठेवला आणि माझ्या नावावर बोट ठेवलं.

राग आला, खोटं कशाला बोलू. कोणीही म्हणालं असतं, "आबा, ते जुनं झालं." पण खाली माझं नाव होतं. मी कागदावरच्या भावात काम केलं. त्या मोटारीत मला काही सुटलं नाही. रात्री घरी जाऊन पान उघडलं, नवा भाव टाकला, शेजारी तारीख टाकली. तेव्हापासून महिन्याच्या एक तारखेला हे करतो.

आबा पैसे देताना म्हणाले, "लिहिल्यापरमाने केलं बरं तुम्ही." बावीस वर्षांत असं मला कोणी म्हटलं नव्हतं. कारण बावीस वर्षांत मी लिहूनच दिलं नव्हतं.

मोठ्या कंपन्या मोठ्या झाल्या त्या काय फक्त पैशांवर? त्यांच्या पानावर भाव लिहिलेला असतो, परत घेण्याची मुदत लिहिलेली असते. गिऱ्हाईक आपल्या चौकातून उठून तिकडे जातं ते स्वस्ताईसाठी जातं, हे निम्मंच खरं. निम्मं जातं ते घासाघीस नको, फसगत नको म्हणून. आपल्या गल्लीतला माणूस आपल्यावर विश्वास टाकण्याऐवजी बंगळुरूच्या गोदामावर टाकतो, यात दोष त्याचा एकट्याचा नाही.

तेव्हा चौकातल्या माझ्या सगळ्या दोस्तांना, त्या अबोला धरलेल्या भाऊलाही, जाहीर आमंत्रण. माझं दुकान आठला बंद होतं. आठनंतर कोणीही या. किराणा असो, शिलाई असो, शिर्डीची गाडी असो. तुमचं पहिलं पान मी बसवून देतो, एक पैसा घेणार नाही. चहा माझ्याकडून, तसाही मीच देतो.

अट एकच. भाव लिहायचा, तारीख टाकायची आणि खाली स्वतःचं नाव.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर दुकानात येऊन भांडा, पण येताना तुमचा भाव कागदावर लिहून आणा.